सुया कोणाच्या हाती

बर्गनच्या बसथांब्यावर लोकरीची नवी जाहिरात लागली होती. आजी विणतेय, आजोबा लाकडं फोडताहेत. चित्र सुन्निवानेच काढलेलं. रांगेत तिच्यापुढचं म्हातारं जोडपं ते बघून खिदळत होतं.

"ओड्वार, बघ रे! ह्याने कुऱ्हाड धरलीय की झाडू?"

"आणि तिच्या सुया बघ! असं विणलं तर स्वेटरची पिशवी होईल."

"तू शिकव तिला. ह्याला लाकडं फोडायला मी शिकवते."

"नको, कमरेत उसण भरेल बिचाऱ्याच्या."

"तुझ्या भरली होती तशी?"

"म्हणून तर विणायला लागलो ना!"

ओड्वारची नजर सुन्निवाच्या स्वेटरवर गेली.

"वा, काय सुबक वीण आहे! आजीने विणला वाटतं?"

सुन्निवाने जाहिरातीकडे पाठ फिरवली.

"नाही. बाबांनी."