त्या इंजिनाला स्क्रू नाही

माझं खरं नाव हवालदारांनी वरच्या रकान्यात लिहून घेतलं आहे. बाजारात मला कानवाली म्हणतात. वय ४३ वर्षे, धंदा इंजिन ट्यूनिंग, राहणार वर्कशॉपच्या माडीवर. आज सकाळी सव्वादहा वाजता मी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आले, मला कोणी बोलावलं नव्हतं. समक्ष जबाब देते तो असा. मी बोलते तसंच लिहावं, मध्ये सारवासारव करू नये.

काल गुरुवारी दुपारी दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी दवाखान्याच्या पार्किंगच्या उतारावरून खाली गेली आणि वॉचमनच्या केबिनवर आदळली. वॉचमनचा उजवा पाय मोडला. ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं होतं, असं डॉक्टरांनी तक्रारीत म्हटलं आहे. ते खरं आहे.

संध्याकाळी आमच्या वर्कशॉपचे फिटर, वय ६८, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणतो, इथे येऊन सगळा दोष आपल्यावर घेऊन गेले. गेले कसले, तुम्ही त्यांना तेव्हापासून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आहे. त्यांचा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. "मी मालकिणीला न सांगता स्क्रू फिरवून इंजिनाचे फेरे कमी केले," असं त्यात आहे. साहेब, त्या इंजिनाला तो स्क्रूच नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना असायचा. या गाडीत पेट्रोल किती, हवा किती, फेरे किती, सगळं कंट्रोलरची पेटी ठरवते आणि त्या पेटीत लॅपटॉपवाचून शिरता येत नाही. उस्तादांना लॅपटॉप उघडता येत नाही. ते त्याच्यावर चहाचा कप ठेवतात. माझं त्यावरून रोज भांडण होतं.

आता घडलं ते सांगते. डॉक्टरांना रेसचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हवा होता. तो उस्तादांनी बसवला आणि चोख बसवला. असल्या कॅमशाफ्टने हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बराच वेळ दोन्ही उघडे राहतात. वरच्या वेगाला गाडी उडते. उभ्या गाडीत मात्र थोडी ताजी हवा न जळताच धुराच्या नळीत निसटते. तिथला सेन्सर ती हवा बघतो, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि पेटी पेट्रोल ओतत सुटते. प्लग काळेकुट्ट होतात, गाडी खोकायला लागते. गावभर याच एका चुकीवर गाड्या बिघडवून ठेवल्या आहेत लोकांनी. मी उभ्या गाडीत सेन्सरचं ऐकतच नाही. पेट्रोलचा तक्ता रकान्या-रकान्याने हाताने भरते, कानाने आणि नाकाने. त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. आज इथे बसूनही हे मी ताठ मानेने सांगते.

उभ्या गाडीचे फेरे मी मिनिटाला अकराशे ठेवले होते. सोमवारी सकाळी अकराला डॉक्टर आले. म्हणाले, "सिग्नलला गाडी इतकी थरथरते की बायकोचे दात वाजतात." मी म्हटलं, "मग बरंच आहे की, तुमचाच धंदा वाढेल." त्यांना ते झोंबलं. म्हणाले, "आठशेवर आणून द्या. तुमच्या हाताला जमत नसेल तर तसं सांगा, एखाद्या पुरुष माणसाकडे नेतो."

माझं डोकं फिरलं. मी स्टूल ओढलं, लॅपटॉप जोडला आणि दोन तासांत ती गाडी आठशेवर उभी केली. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून दाखवला, सांडला नाही. त्या कॅमशाफ्टवर आठशे म्हणजे खायचं काम नाही. डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण ब्रेकला पायाखाली जी मदत मिळते ती इंजिन हवा आत खेचतं त्या ओढीतून मिळते. असल्या कॅमशाफ्टने ती ओढ आधीच अर्धी होते, फेरे उतरवले की आणखी घटते. रांगत्या गाडीत दोन-तीनदा ब्रेक दाबला की ओढ संपली आणि पेडल दगड झालं. ब्रेकसाठी वेगळा पंप लावायला हवा होता, निदान ओढ मोजायला तरी हवी होती. मोजायचं घड्याळ माझ्या पाठीमागे खिळ्याला टांगलेलं होतं. मी मागे वळले नाही.

उस्ताद तेव्हा फडक्याला हात पुसत उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पोरी, ब्रेक बघ." मी गिऱ्हाइकासमोर त्यांना म्हटलं, "उस्ताद, तुमचा जमाना गेला." वडील वारल्यावर ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं, त्याला मी हे म्हटलं. ते आत जाऊन प्लग घासत बसले. इथे हवालदारांनी मला पाणी दिलं. मी ते घेतलं नाही.

काल रात्री जेवताना धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तू गप्प राहा. म्हातारा आपणहून अंगावर घेतोय, त्याचं आता राहिलंय किती? वर्कशॉप बंद पडलं तर आपण खायचं काय?" त्यावर मी त्याला जे बोलले ते सरकारी कागदावर शोभणार नाही. वर्कशॉप बंद पडायचं तर पडू दे. त्या माणसाचा हात धरून मी शिकले, त्याच हाताला बेडी घालून मी पोट भरणार नाही.

फेरे मी उतरवले. लॅपटॉप सोबत आणला आहे, त्यात सोमवारची वेळ आणि आकडे आहेत, जप्त करा. डॉक्टरांनी मला डिवचलं म्हणून गुन्हा त्यांचा होत नाही. वॉचमनचा पाय माझ्यामुळे मोडला. वॉचमनच्या बायकोला मी इथे येण्याआधी भेटून आले. तिने दार लावून घेतलं, बरोबरच केलं.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडं ठेवा, असं मीच सांगितलं होतं, कारण उस्तादांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. वाचून होताच ते बाकावरून ओरडले, "खोटं बोलतेय पोरगी! स्क्रू मीच फिरवला, साहेब!" त्यांचं हे बोलणंही माझ्या जबाबात घ्यावं. मग त्यांना गाडीपाशी न्यावं, बॉनेट उघडावं आणि स्क्रू दाखवा म्हणावं. हवा तेवढा वेळ द्या. नाही सापडला की त्यांना घरी सोडा. बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, बरोबर आहे, आणि त्याखाली ही माझी सही.