बक्षीस बंद, बेल बंद

...आता हे मला नीट आठवतंय की मागाहून मीच रचतोय, देव जाणे, कारण तुम्हाला सांगतो, आठवणींवर भरवसा ठेवू नये म्हणे... पुस्तकात लिहिलंय! भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस मी, आणि म्हातारपणी बोरीवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात मानसशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला जाऊन बसलो! का? तर बायको, जयंती, गेल्यापासून घरात स्वतःचाच खोकला ऐकून दचकायचो. म्हटलं, आपल्यात काय बिघडलंय ते तरी कळू दे!

आणि त्यात समोरचे भाऊराव! रोज संध्याकाळी बेल. 'ओ सर, हा घ्या तुमचा छोटावाला स्क्रू ड्रायव्हर. मोठावाला आहे का?' अहो, रोज? एका घरात इतके स्क्रू असतात? बरं, घ्यावा आणि जावं... नाही! बसायचे. मग चहा टाकावाच लागतो ना! मग लिफ्टचा आवाज, नॅशनल पार्कातला बिबट्या, पाण्याची टाकी... तासभर! आणि स्क्रू ड्रायव्हर परत यायचा तो गंज काढून, तेल लावून. ही त्यांची अपराधी भावना, बरं का... पुस्तकात लिहिलंय!

तेवढ्यात आमच्या वर्गाच्या अपूर्वा मॅडम, नातीच्या वयाच्या, म्हणतात, 'काका, कुणाची तरी एक सवय मोडून दाखवा. बक्षीस बंद केलं की सवय सुटते.' बक्षीस म्हणजे काय? चहा! केला बंद. पहिल्या दिवशी म्हटलं, दूध नासलंय. दुसऱ्या दिवशी, गॅस संपलाय. तर भाऊराव म्हणतात, 'असू दे ना सर, नुसता बसतो.' नुसता? नुसतं कोण बसतं हो कुणाकडे? मी दारातच उभा राहिलो...

आठवड्यात यायचे थांबले! वर्गात टाळ्या. 'काका, एक नंबर!' घरी आलो, बेलकडे बघत बसलो. एकदा तर बाहेर जाऊन स्वतःच दाबून पाहिली. वाजली की! बेलमध्ये दोष नव्हता.

चार वर्षांनी भाऊराव गेले. त्यांची सून संघमित्रा एक जड लोखंडी पेटी घेऊन आली. 'सर, बाबांनी ही तुम्हाला द्यायला सांगितली होती.' उघडली, तर आत पाने, पकडी, आणि स्क्रू ड्रायव्हर म्हणाल तर झाडून सगळ्या मापांचे! 'सगळी हयात अंधेरीला फिटर होते ना,' ती म्हणाली. मला काय माहीत? मी कधी विचारलंच नव्हतं!

तरी मी चिवट. म्हटलं, 'मग चहासाठीच येत असणार, नाही का?... पुस्तकात लिहिलंय!'

'चहासाठी? काहीतरीच काय सर! पित्त होतं म्हणून डॉक्टरांनी कधीचा बंद केलेला. तुमच्याकडून आले की रात्रभर छाती चोळत बसायचे.'

आता मी पडलो संशयी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलालाही लिफ्टपाशी गाठून विचारलं, 'सम्यक, खरं सांग.' तोही तेच म्हणाला. घरी चहाला शिवायचेसुद्धा नाहीत.