तुझी मॅजेस्टी

दातांच्या दवाखान्यात इंग्रजी शिकवणाऱ्या बाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक माळीबुवा आणि त्यांची बायको. त्यांची बाग बघायला उद्या परदेशची राणी येणार होती.

"म्हणा, युवर मॅजेस्टी," बाई माळीबुवांना शिकवत होत्या.

"युवर म्हणजे तुझी ना? राणीला एकदम तुझी-माझी?"

"इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पहिल्यांदा मॅजेस्टी म्हणायचं, मग नुसतं मॅम."

"आणि तब्येत कशी आहे, असं विचारू?"

"छे! त्या बोलल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. त्या आल्या की उभं राहायचं, पाठ दाखवायची नाही, त्यांच्याआधी घास उचलायचा नाही."

"बाप रे! एवढं एका दिवसात कसं जमणार?"

"मला जमलं की," बायको म्हणाली.

"तू कधी गं राणीला भेटलीस?"

"लग्न होऊन घरात आले त्याच दिवशी. तुमच्या आईंना."

बाईंना हसू आलं आणि दाढेतून कळ गेली.

"हळू बोल, आई आतच आहे!"

तेवढ्यात दार उघडलं. नवी कवळी बसवून म्हातारी बाहेर आली. दोघंही ताडकन उभी राहिली, आणि ती बोलेपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही.