मुकुंददादांची सीडी

मंडळी, दादांच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. हेदवी, वेळणेश्वरपासून आलात. वहिनी, दादांच्या घरच्या म्हणून तुम्ही समोर बसलात. सोळा वर्षं मी मुकुंददादांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. बोलायचं काम त्यांचं, स्क्रू काढायचं माझं. आज उलटं झालंय.

त्यांची सीडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वापरलीय. पुढे ती पेनड्राइव्हवर गेली, तरी आपण सीडीच म्हणत राहिलो. कॉम्प्युटर उघडतच नाही, अशा वेळी ती घालायची. यंत्र सीडीवरच चालू व्हायचं आणि आतल्या फायली दिसायच्या. होती लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीची, पण तो शब्द कुठे दिसायचा नाही. सगळं मराठीत. काय दिवस होते ते! दादा एकेक प्रोग्रॅम काढून टाकायचे. "हा कशाला हवाय गो? ग्रामपंचायतीतला जुना डबा, त्याला एवढं ओझं झेपायचं नाही." मग नवी सीडी घेऊन घरी. परीक्षक कोण? वहिनी. पिठाचे हात पुसत तुम्ही माऊस धरायचात ना? एकदा 'माउंट' वाचून विचारलंत, "म्हणजे मी काय करू?" दुसऱ्या दिवशी तो शब्द गेला. तिथे आलं, 'डिस्क उघडा'.

नियम एकच. बिघडलेली डिस्क आधी नुसती बघायची, तिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. पोलिसांनी आणलेला पुरावा असो, नाहीतर बारशाचे फोटो. "आधी हात मागे," म्हणायचे.

तो नियम एकदा मोडला. हेदवीचे गुरुजी इथे दुसऱ्या रांगेत बसलेत. गुरुजी, आज सात वर्षांनी तुम्ही दादांच्या दारात आलात. तेव्हा तुम्ही दुरुस्तीला आणलेल्या डिस्कवर तुमच्या पत्नीची, आमच्या काकूंची, मंगळागौरीची गाणी होती, त्यांच्या आवाजात. काकू तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या. दादा तुम्हाला म्हणाले, "गुरुजी, चूक माझी." तुम्ही उठून गेलात ते परत दुकानाची पायरी चढला नाहीत.

गुरुजी, ती चूक दादांच्या हातची नव्हती. माझ्या हातची होती.

गाणी सापडली होती हो! पण दुकानात विजेने जळलेल्या यंत्रांचा ढीग, मी घाईत. डिस्कवर लिहू न देणारं सीडीतलं कुलूप काढलं आणि वाचवलेली गाणी त्याच डिस्कवर ठेवायला घेतली. नवं लिहिलेलं जुन्यावर बसलं. अर्धी गाणी कायमची गेली. मी रडत बसले. दादा रागावले? नाही. म्हणाले, "माणूस घाई करणारच. सीडीने अडवायला हवं होतं. मी तशी बनवली नाही, म्हणजे चूक माझीच." आठ दिवस खपले. तेव्हापासून सीडी त्याच डिस्कवर काही ठेवूच देत नाही. 'दुसरी जागा द्या' म्हणते. त्या एका ओळीने कुणाकुणाचं काय काय वाचलं असेल!

मी मात्र गप्प राहिले. दादांनीच गप्प राहायला सांगितलं होतं, हे खरं. पण मला ते सोयीचंही होतं. बाजारात तुम्ही दिसलात की दादा मान खाली घालायचे, आणि मी शेजारी उभी असायचे. मला लाज वाटते.

मंडळी, आता आपण उभे राहू. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. गुरुजी, तुमचा राग माझा आहे, तो मला द्या. दादांसाठी तेवढे उभे राहा.