अनसूयाबाईंची पेटी

मंडळी, एक सांगा. माणूस निकामी झालं, हे ठरवतं कोण? वय? सून? की देवस्थानचा अध्यक्ष?

ऐका तर! अनसूयाबाई ढवळे. शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता घरी. त्यांनी भंगारवाल्याकडून काय आणलं? लाकडी कॅमेरा! पेटीएवढा, पुढे भिंग, मध्ये चामड्याचा भाता — आपल्या बाजाच्या पेटीला असतो ना, तसाच. पहिला फोटो काढला, तर फिल्म नुसती काळीकुट्ट. सून म्हणाली, पसारा कशाला? बाईंनी काय केलं? खोली बंद केली, भात्यात दिवा लावला — भोकंच भोकं, तिथूनच उजेड शिरत होता! जुन्या छत्रीचं कापड चिकटवून एकूण एक बुजवली. महागडी फिल्म कोण आणणार? एक्स-रेची फिल्म आणली, उजेडानं खराब होऊ नये म्हणून लाल दिव्यात कापली, झालं काम!

मग आला देवळाचा उत्सव. सगळ्या भजनी मंडळाचा फोटो काढायला बाई पेटी घेऊन हजर. अध्यक्ष गुणवंतराव हसले. म्हणाले, "बाई, ती पेटी आणि तुम्ही, दोघींनी आता आराम करावा."

बाईंना ते झोंबलं. म्हणाल्या, "आज फोटो आला नाही, तर पेटी मीच भंगारात घालते. आला, तर सभामंडपात लागेल."

काळं कापड डोक्यावर घेतलं. आत काचेवर सगळं उलटं! गुणवंतराव खाली डोकं वर पाय! बाईंना बरं वाटलं, खोटं कशाला बोला? सगळ्यांना म्हणाल्या, हलू नका. भिंगाचं झाकण काढलं आणि वेळ मोजायला मोठ्यानं म्हणाल्या, "रामकृष्ण हरी!"

अहो, भजनी मंडळ ते! पडल्या की टाळ्या! सगळे हलले, फोटो गेला.

आता फिल्म उरली एकच. गुणवंतराव म्हणाले, पुरे झालं. बाई जागच्या हलल्या नाहीत. "हात बांधा. यावेळी हरी माझ्या मनात." झाकण काढलं. सगळे स्तब्ध. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन थरथरला, आणि त्यांनी खिशात पाहिलं!

फिल्म धुतली. काय फोटो, मंडळी! म्हाताऱ्यांची सुरकुती न् सुरकुती, टाळांचे गोंडेसुद्धा. आणि अध्यक्षांच्या जागी? सदरा, उपरणं, वर नुसता धूर.

गुणवंतराव म्हणाले, पुन्हा काढा.

"फिल्म संपली," बाई म्हणाल्या. "आता आराम करते."

फोटो सभामंडपात लागला. अजून आहे.

आता तुम्ही घरी जाल. कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं असेल, ज्याला तुम्ही रोज आराम करा म्हणता. त्याच्यासमोर बसा. खिशात बघू नका. ते माणूस स्पष्टच आहे हो. हलतोय आपण!