पाण्याले चव नसते

मी बडनेऱ्याचा. बाप रेल्वेत गँगमन होता, उन्हाळ्यात रूळ तापून वाढते म्हून दोन रुळायच्या मधात फट ठेवा लागते हे मले बापानं सांगतलं, पुस्तकानं नाई, आन् पुढं तोच धडा मी अठ्ठावीस वर्षं पोरायले शिकवला, उष्णतेनं धातू प्रसरण पावतात, लिहा रे. बाप म्हने तू मास्तर हो, माह्यासारखा उन्हात नको मरू. झालो बापा मास्तर. डीएड केलं, जिल्हा परिषदेत लागलो, पयलीच शाळा भेटली ती दर्यापूरच्या तिकडं, खारपाणपट्ट्यातली. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं थेट अकोल्यापर्यंत जमिनीखालचं पाणी खारं. विहिरीचं खारं, हापशीचं खारं, त्यात डाळ शिजत नाई, साबणाले फेस येत नाई. सारी नोकरी त्याच पट्ट्यात फिरून फिरून गेली, आन् आता शेवटी बदलीनं पुन्हा त्याच पयल्या शाळेत येऊन पडलो.

आता काय सांगू तुमाले. बावन्नावं लागलं, गुडघा धरते, चष्म्याचा नंबर दरसाल वाढते, आन् वरून आदेश आला का नोकरीतल्या मास्तरायनंही पात्रता परीक्षा पास करा लागते, मुदतीत नाई झाली तर घरी बसा. अठ्ठावीस वर्षं मीच परीक्षा घेतल्या, आता माही. माही पोट्टी अकोल्याले शिकून राहिली, दोन वर्षं बाकी हायेत तिचे, नोकरी गेली तर तिचं काय, हे डोक्यातून जातच नाई. पेपरात काय, तर सहावी ते आठवीचं विज्ञान. म्हटलं हे तर आपलंच, रोजचं. बसलो वाचाले, आन् खरं सांगतो, डोक्यात राहेच ना. शिकवतानी पुस्तक हातात असते, बिन पुस्तकाचं आपल्याले कोण इचारते? अंतर्गोल आरसा का बहिर्गोल, दरवेळी उलटं. घरी वाचाले बसलो का पाच मिनिटात डोळा लागे. म्हून मंग शाळेतच, दुपारी पोरायचं जेवण झालं का स्वयंपाकघराच्या सावलीत बसून मोठ्यानं वाचत होतो.

तिथं वंदना भांडे घासे. शाळेची खिचडी तीच शिजवते, गावातलीच बाई, माह्या पयल्या वर्षाची विद्यार्थिनी, सातवीतून शाळा सुटलेली. तिची पोट्टी आता माह्याच वर्गात हाये. एक दिवस मी पुस्तक मिटून घोकून राह्यलो होतो, पाण्याचे गुणधर्म, पाणी रंगहीन असते, गंधहीन असते, आन् पुढचं आठवेच ना. तर वंदना मान वर न करता म्हने, पाण्याले चव नसते, सर. म्या म्हटलं तुले कसं याद इतक्या वर्षांचं? म्हने, तुमीच तर दहा वेळा लिहून घेतलं होतं.

मंग मले आठवलं. सहावीची चाचणी होती. पाण्याची चव कशी असते, साऱ्या वर्गानं लिहिलं खारी असते. साऱ्यायचे गुण कापले म्या. बाकीचे गुमान बसले, ही एकटी उभी राह्यली, म्हने सर, खारंच हाये ना, तुमी पिऊन पाहा. नवा मास्तर, ताव लय होता मले. म्हटलं पुस्तकापेक्षा जास्त समजते काय तुले, चाल, दहा वेळा लिही. आन् मी सोता रोज बडनेऱ्यावरून गोड्या पाण्याची कॅन सायकलले बांधून एसटीच्या ठेशनापर्यंत नेत होतो, तिथून एसटीनं शाळेत आनत होतो, गावचं पाणी म्या तोंडाले लावलं नोतं. हे सांगाले आता लाज वाटते, पण सांगतो.

तिले इचारलं, तू शाळा काहून सोडली होती? तवा मी हजेरीवरून नाव कापलं, इचारलं कधीच नाई. म्हने बापाच्या किडन्या गेल्या, अकोल्याच्या दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या, मायही संगं जाये, मंग घरी लहान्या भावापाशी कोण राहीन. डॉक्टर म्हने पाण्यानंच झालं असन. दोन वर्षं काढले बापानं. इतकं बोलून ती खिचडीचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, घासाले लागली. घासता घासताच म्हने, सर, म्या तवा दहा वेळा लिहिलं ना, तर मले वाटलं आमचीच जीभ खराब हाये.

माही चूक झाली वंदे, म्हटलं. अठ्ठावीस वर्षांत कोण्या पोराले हे शब्द म्हटले नोते म्या. ती म्हने जाऊ द्या सर, द्या ते पुस्तक इकडं.

तवापासून तीच माहा अभ्यास घेते. पदराले हात पुसते, बोट ठेवून हळूहळू वाचते, आन् लय कडक हाये बापा, अर्ध्या उत्तराले हो म्हनत नाई. आरशाचं माहं उलटंच जाये तर तिनं स्टीलची मोठी पळी धुऊन माह्या तोंडापुढं धरली. आतल्या अंगात तोंड उलटं दिसलं का अंतर्गोल, बाहेरून सुलटं आन् बारीक दिसलं का बहिर्गोल. इतक्या वर्षांत मले हे सुचलं नोतं.

परीक्षा अमरावतीले झाली. आरशाचा प्रश्न आला, तो बरोबर आला. बाकी घड्याळानं मारलं. निकाल लागला, पाच गुणायनं नापास झालो. दुसऱ्या दिवशी शाळेत कोनी काही इचारलं नाई, वंदनानं इचारलं. किती? म्हटलं पाच.

आता अजून एक संधी हाये. होईन का नाई, काय सांगता येते. थकलो मी, भाऊ. या साली चाचणीत वंदनाच्या पोट्टीनं लिहिलं, शुद्ध पाण्याला चव नसते, आमच्या गावचे पाणी खारे आहे. पूर्ण गुण देले. भलं होवो त्या लेकराचं. आन् परवा मले पुन्हा लिटमसचं चुकलं, निळा कागद आम्लात लाल होते, मी उलटं सांगतलं. वंदनानं पोट्टीची जुनी वही काढली, मागचं कोरं पान उघडून माह्यापुढं ठेवलं. म्हने, लिहा सर, दहा वेळा. लिहाले लागलो. पाचव्या ओळीले बोटं आखडले, मी पेन ठेवला. तर खिचडीचा गंज उचलता उचलता म्हने, अजून पाच राह्यल्या. लिहून राह्यलो.