काळ्या कोटाचं अस्तर

शिंपी: वरची पेटी रिकामी केली, कपाट दोनदा उपसलं. डांबराच्या गोळ्या सोडल्या तर हाती काही लागलं नाही. अगं, माझा काळा कोट गेला कुठे?

बायको: सकाळपासून कोट, कोट! फुटबॉल क्लबच्या सभेला जायचंय की नवरदेव व्हायचंय? शर्टावर जा.

शिंपी: शर्टावर गेलो तर दारातच अडवतील. आपल्या संघाच्या जुन्या लंगड्या कप्तानाने घरोघरी फिरून बजावलंय, शेअरचा मूळ कागद दाखवल्याशिवाय मत नाही.

बायको: मग कागद घ्या. कोटाचं काय त्यात?

शिंपी: कागद कोटात आहे.

बायको: खिशात?

शिंपी: खिशात कोण ठेवतं! अस्तरात. शिवून टाकलाय.

बायको: काय?

शिंपी: ओरडू नकोस. तो लाकूडवाला मालक क्लब बुडवून पळाला आणि आपण दोनशे बारा जणांनी एकेक शेअर घेऊन क्लब वाचवला, आठवतंय ना? मला वाटलं, घरात ठेवला तर उंदीर खातील, बँकेत ठेवला तर बँकच बुडेल. शिंप्याला दुसरं काय सुचणार? पाठीच्या अस्तरात सारला आणि बारीक टीप मारली.

बायको: आणि मला सांगितलं नाहीत.

शिंपी: तू सांगत सुटली असतीस.

बायको: मी? आयुष्य गेलं माझं तिकीट खिडकीवर. क्लबची एक गोष्ट या कानाची त्या कानाला कळू दिली नाही, आणि मी सांगत सुटेन?

शिंपी: बरं बाई, चुकलं माझं. आता कोट दे. कप्तानाने काल मोजदाद केली, क्लब विकायचा नाही म्हणणारे आपण फक्त एका मताने पुढे आहोत. माझं मत गेलं की बरोबरी, आणि बरोबरी झाली की अध्यक्षाला जादा मत. अध्यक्ष कुणाच्या खिशात आहे ते काय मी तुला सांगू?

बायको: सिमेंटवाल्या शेठच्या.

शिंपी: क्लब एकदा त्याच्या घशात गेला की मैदानावर इमारती, आणि आपली पोरं खेळणार खडीच्या खाणीशेजारी. वर जर्सी करडी! सिमेंटच्या रंगाची! तीस वर्षं मी हिरव्या जर्सीवर नंबर शिवतोय गं. म्हातारपणी करड्यावर शिवू?

बायको: तुमचा तो दहा नंबर मात्र खूश आहे. चौकातल्या पोस्टरवर सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन दात काढतोय.

शिंपी: त्याचं काय सांगतेस! फायनलला एक गोल केला, तोही ढुंगणाला लागून गेलेला. आपले जुने खेळाडू म्हणजे एकेक रत्न. एक हा, आणि दुसरा तो गोलकीपर. अख्खं गाव त्याला भिंत म्हणायचं. क्लब गळ्यापर्यंत बुडालेला असताना भिंत पळाली मोठ्या क्लबात! गद्दार लेकाचा. त्याच्या जर्सीवरचा एक नंबर मी या हातांनी उसवला. पण तू विषय बदलू नकोस. कोट?

बायको: आधी बसा.

शिंपी: बसवून सांगतेस म्हणजे कोट गेला.

बायको: त्याच्याकडेच आहे. भिंतीकडे.

शिंपी: आणि बारा वर्षं वरच्या पेटीत आहे म्हणत होतीस!

बायको: पोट सुटल्यावर तुम्ही तो कशाला शोधताय, असं वाटलं मला. तो निघाला त्या दिवशी मी बसस्टँडवर गेले होते. अंगात सरावाचं पातळ जाकीट, आणि पोरगं निघालं होतं बर्फात. राहवलं नाही.

शिंपी: गद्दाराला माझा कोट!

बायको: ते गद्दार, गद्दार आता बंद करा. तो पळाला नव्हता. कमिटीने विकलं त्याला. शेअरचे पैसे मालकाच्या जुन्या देण्यातच संपले, आणि सामना चालू असताना मैदानाची वीज तोडली होती, विसरलात? ते बिल आणि बाकी पोरांचे सहा महिन्यांचे पगार, सगळं त्याच्या पैशांतून भागलं. माझ्या खिडकीमागच्या खोलीत सही केली त्याने. म्हणाला, वहिनी, कुणाला सांगू नका. कळलं तर मला ठेवून घ्यायला लोक घरातली भांडी विकतील.

शिंपी: आणि तू बारा वर्षं गप्प बसलीस?

बायको: शब्द दिला होता.

शिंपी: अगं, मी गोलमागच्या कट्ट्यावर उभा राहून दर सामन्याला त्याच्या नावाने बोंब मारली!

बायको: मारलीत ना. त्या दिवशी चहात साखर कमी पडायची, ती उगाच नव्हे.

शिंपी: शी! काय माणूस मी. आणि आता त्याला शोधायचा कुठे? तीन वाजून गेले. चारला सभा.

बायको: महिना झाला त्याला परत येऊन. शाळेत पोरांना खेळ शिकवतो. सकाळी तुम्ही कोटाचा धोशा लावलात तेव्हाच मी फोन केला. मला वाटलं, पोट आत ओढून सभेत ऐट करायची असेल. तो बघा, आलाच.

(भिंत वाकून दुकानाच्या दारातून आत येतो. अंगात काळा कोट, मनगटं उघडी.)

भिंत: उशीर झाला, वहिनी. शाळा सुटायची होती. नमस्कार, मास्तर.

शिंपी: ये. बस. नाही, बसू नकोस, आधी तो कोट काढ. हे पाठीचं अस्तर तू कधी उसवलं नाहीस ना?

भिंत: नाही. आत कागद वाजायचा. बसमध्ये टेकून बसलो की कळायचं.

शिंपी: मग काय आहे ते बघावंसं नाही वाटलं?

भिंत: वाटायचं. पण टीप तुमच्या हातची. उसवायला मन झालं नाही.

बायको: अहो, कात्री घ्या. त्याच्या तोंडाकडे काय बघत बसलात?

शिंपी: कात्री नको, ब्लेड दे. हं. अलगद. हा बघ! घडीवर पिवळा पडलाय, पण शिक्का शाबूत. वाचलो गं, वाचलो!

भिंत: क्लबचा शेअर? एवढी वर्षं माझ्या पाठीवर?

शिंपी: तुझ्याच पाठीवर. आणि इथे मी... हे बघ, मला गोल गोल बोलता येत नाही. मी तुला गद्दार म्हणायचो. चारचौघांत, घसा फोडून. खरं काय ते मला आजच कळलं, पण म्हणून माझं बोलणं काही परत येत नाही. चुकलो मी. फार वाईट वाटतंय रे.

भिंत: माहीत होतं, मास्तर.

शिंपी: हिने सांगितलं?

भिंत: नाही. तिकडच्या संघातून इथे दोनदा खेळायला आलो होतो ना. माझ्या पाठीमागेच तुमचा कट्टा. आवाज ओळखीचा होता.

शिंपी: आणि तरी माझा कोट वापरलास?

भिंत: थंडी फार होती तिकडे.

बायको: चला आता, साडेतीन झाले. डोळे पुसा, कागद खिशात घाला. मैदान समोर आहे म्हणून निवांत बसायचं नाही.

भिंत: मग मी निघतो, वहिनी.

शिंपी: निघतोस कुठे? दहा नंबर शेठला चिकटून बसणार तिथे. आमच्या बाजूला एक नंबर नको? मत नसलं तरी बसायला बंदी नाही. माझ्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामीच असते.

भिंत: का?

बायको: तुमची बोंब ऐकून कान फोडून घ्यायचेत कुणाला?

शिंपी: तू गप गं. आणि तू थांब, हे अस्तर असं लोंबत ठेवून माझ्या दुकानातून बाहेर पडायचं नाही. दोन मिनिटांत टीप मारतो.

भिंत: पण कोट तुमचा आहे, मास्तर. मी परत द्यायलाच आणलाय.

शिंपी: माझा कसला? मला होतोय का तो? हात पुढे कर बघू. बाह्या चार बोटं आखूड पडतायत तुला. सभा झाली की आतली दुमड उसवून लांब करून देतो.